जुन्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये ‘नव्वद नंबर’ टाकताय? आधी डब्यावरची दुसरी ओळ वाचा

जुनी मारुती ८००, सँट्रो किंवा बोलेरो घेऊन कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये जा आणि ‘गिअर ऑइल बदलायचंय’ एवढंच सांगा. बहुतेक ठिकाणी पुढचा प्रश्न येतच नाही. गॅरेजमधला पोऱ्या शेजारच्या दुकानातून ‘नव्वद नंबर’ घेऊन येतो, जुनं ऑइल खाली, नवीन वर, आणि अर्ध्या तासात गाडी बाहेर.

अनेकदा यात काही बिघडतही नाही. पण कधी कधी महिन्याभराने दुसरा गिअर टाकताना ‘कर्रर्र’ असा आवाज यायला लागतो, किंवा ऑटोमॅटिक गाडी सिग्नलवरून निघताना थरथरायला लागते. मग क्लच बदला, केबल बदला, गिअरबॉक्स उघडा असा प्रवास सुरू होतो. ऑइलचा खर्च शेकड्यांतला असतो. गिअरबॉक्स उघडला की तो हजारांत जातो आणि ऑटोमॅटिक असेल तर कधी कधी गाडीच्या बाजारभावाच्या जवळ पोहोचतो. त्यात गाडीचं मॉडेल बंद झालेलं असेल तर सुटे भाग शोधत कुर्ल्याच्या जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारात फेऱ्या मारायची वेळ येते. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, तरी त्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. त्यांच्या मालकांसाठी ही किरकोळ गोष्ट नाही.

मग योग्य ऑइल निवडायचं कसं?

‘नव्वद नंबर’ म्हणजे नेमकं काय?

हा नंबर ऑइलचा घट्टपणा सांगतो, दर्जा नाही. हा गोंधळ सगळ्यात जास्त होतो, म्हणून आधी तो मिटवू.

डब्यावर ‘८०डब्ल्यू-९०’ किंवा ‘७५डब्ल्यू-९०’ असं लिहिलेलं असतं. यातला पहिला आकडा थंडीत ऑइल किती वाहतं ते सांगतो. तो जितका कमी, तितकं थंड ऑइल लवकर पसरतं. दुसरा आकडा गरम झाल्यावरचा घट्टपणा सांगतो. महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, त्यामुळे पहिला आकडा बिनमहत्त्वाचा आहे असं अनेकांना वाटतं. पण डिसेंबरात नाशिकला पहाटे गाडी काढणाऱ्यांना विचारा. पहिले दोन-तीन किलोमीटर गिअर जड जातात, नंतर सुरळीत होतात. घट्ट ऑइल टाकलं असेल तर हा जडपणा आणखी वाढतो.

आणखी एक गैरसमज. गिअर ऑइलचे आकडे आणि इंजिन ऑइलचे आकडे एकाच मापावर नाहीत. ‘इंजिनात ४० टाकतो आणि गिअरबॉक्समध्ये ९०, म्हणजे गिअर ऑइल दुपटीहून जाड’ हे चुकीचं आहे. १०० अंश सेल्सिअसला ४० ग्रेडच्या इंजिन ऑइलचा घट्टपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असतो, तर ९० ग्रेडच्या गिअर ऑइलचा १३.५ ते १८.५. म्हणजे दोन्ही जवळपास शेजारीच. मुद्दाम दोन वेगळ्या मोजपट्ट्या ठेवल्या आहेत, म्हणजे दुकानात डब्यांची अदलाबदल होऊ नये.

डब्यावर ‘ईपी’ अशी अक्षरंही दिसतात. त्याचा अर्थ एवढाच, की दातांवर प्रचंड दाब आला तरी धातू धातूला घासू नये म्हणून त्यात काही रसायनं घातली आहेत. ती किती घातली आहेत, हे ‘ईपी ९०’ या नावावरून कळत नाही. आणि खरा प्रश्न तिथेच आहे.

जीएल-४ आणि जीएल-५ : एका आकड्याचा फरक

डब्यावर घट्टपणाच्या आसपास कुठेतरी ‘एपीआय जीएल-४’ किंवा ‘एपीआय जीएल-५’ असं छापलेलं असतं. एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. आपल्याकडे सवय अशी, की मोठा आकडा म्हणजे नवीन आणि चांगला. इंजिन ऑइलच्या बाबतीत वर्गवारी साधारण तशीच पुढे सरकत गेली आहे. गिअर ऑइलमध्ये मात्र ५ म्हणजे ४ ची सुधारित आवृत्ती नाही. ती दोन वेगळ्या कामांसाठीची दोन ऑइलं आहेत.

हे समजायला गिअरबॉक्सच्या आत डोकवावं लागेल.

तुम्ही तिसऱ्यातून दुसऱ्यात येता तेव्हा वेगवेगळ्या वेगाने फिरणारे दोन भाग एकमेकांत अडकवायचे असतात. तसेच अडकवले तर दात तुटतील. म्हणून मध्ये एक सिंक्रोनायझर रिंग असते. बहुतेक जुन्या गाड्यांत ती पितळेची असते. ही रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागावर घासते, दोघांचा वेग एक करते आणि मगच गिअर पडतो. हे सगळं क्षणभरात होतं आणि नीट झालं तर हाताला जाणवतही नाही.

आता पेच बघा. गिअरच्या दातांना ऑइल निसरडं हवं असतं. पण त्याच ऑइलात बुडालेल्या पितळी रिंगला थोडं घर्षण हवं असतं, नाहीतर ती गिअरला पकडणारच नाही. एकाच ऑइलाने एका जागी घसरू द्यायचं आणि वीतभर अंतरावर घसरू द्यायचं नाही. जीएल-४ हा तोल सांभाळून बनवलेलं असतं.

जीएल-५ चं काम वेगळं आहे. जीप, बोलेरो, जुनी अॅम्बेसेडर अशा मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत मागच्या अॅक्सलवर एक गोल डबा असतो. त्याला डिफरन्शियल म्हणतात, गॅरेजच्या भाषेत ‘क्राउन’. त्यात जे गिअर असतात त्यांचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर दाबाखाली घसरत जातात. या रचनेला हायपॉइड म्हणतात. तिथे साधं ऑइल दातांच्या मधून पिळून बाहेर फेकलं जातं. म्हणून जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसची रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. दात तापले की ही रसायनं पोलादाशी प्रक्रिया करून एक पातळ थर तयार करतात. झीज होते ती त्या थराची, पोलाद वाचतं.

हाच थर पितळेवर तयार झाला तर तो निघताना पितळेचाही अंश घेऊन जाऊ शकतो. शिवाय जीएल-५ चा निसरडेपणा सिंक्रोनायझरला मानवत नाही. रिंग घसरते, वेग जुळायला वेळ लागतो आणि गिअर ‘कर्रर्र’ करतो.

यातलं पितळ खाण्याचं प्रकरण इंटरनेटवर थोडं फुगवून सांगितलं जातं. आजच्या चांगल्या जीएल-५ ऑइलांत पितळेला जपणारी रसायनंही घातलेली असतात. त्यामुळे एकदा चुकून जीएल-५ पडलं म्हणून उद्या गिअरबॉक्स विरघळणार नाही. पण घर्षणाचा मुद्दा उरतोच. पुस्तिकेत जीएल-४ लिहिलं असेल आणि आत जीएल-५ असेल, तर घाबरून न जाता ते काढून योग्य ऑइल भरा, इतकं पुरे. उलट चूक जास्त महाग पडते. हायपॉइड डिफरन्शियलमध्ये जीएल-४ घातलं आणि गाडी माल भरून घाटात नेली, तर दातांना हवं तेवढं संरक्षण मिळत नाही.

मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका अशा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत वेगळा ‘क्राउन’ नसतो. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत असतात. मग तिथे जीएल-५ लागत नाही का? नाही. या गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं, त्यामुळे ताकद काटकोनात वळवावी लागत नाही आणि हायपॉइड गिअरची गरजच पडत नाही. अशा गाड्यांच्या पुस्तिकेत म्हणूनच बहुधा जीएल-४ दिसतं. सुबारूच्या गाड्यांत मात्र पुढचं हायपॉइड डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पेटीतच असतं आणि कंपनी मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी जीएल-५ सांगते. म्हणजे ‘गिअरबॉक्स म्हटला की जीएल-४’ हा नियमही डोळे झाकून वापरायचा नाही.

‘जीएल-४/जीएल-५’ असं दोन्ही लिहिलेला डबा

दुकानदार हमखास सांगतो, ‘हे दोन्हीला चालतं.’ इथे एक गोष्ट माहीत असू द्या. इंजिन ऑइलसाठी एपीआयची परवाना पद्धत आहे, त्या डब्यांवर गोल चिन्ह दिसतं. गिअर ऑइलसाठी तसा परवाना नाही. डब्यावर जे लिहिलेलं असतं तो उत्पादकाचा स्वतःचा दावा असतो. एवढंच नाही, तर जीएल-४ ठरवण्यासाठी मूळ ज्या चाचण्या होत्या त्यातली काही उपकरणं आता मिळतच नाहीत. प्रत्यक्षात अनेक उत्पादक जीएल-५ ची रसायनं साधारण अर्ध्या मात्रेत घालून जीएल-४ बनवतात.

त्यामुळे दोन्ही दावे एकत्र करणारा डबा बघून सावध व्हायला हवं. पितळी सिंक्रोनायझर असलेल्या गाडीसाठी फक्त जीएल-४ लिहिलेलं, किंवा गाडीच्या कंपनीने त्या गिअरबॉक्ससाठी स्वतः विकलेलं ऑइल घेतलेलं बरं. मोठ्या कंपन्यांची अशी ‘जेन्युइन’ ऑइलं सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर सुटी मिळतात. गाडी तिथे सर्व्हिसला न्यायलाच हवी असं नाही. नकली मालाचा धोकाही तिथे कमी असतो.

काही गाड्यांना गिअर ऑइल चालतच नाही

हा भाग वाचून जुने मेकॅनिकही भुवया उंचावतात. होंडाने कित्येक वर्षं आपल्या मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी चक्क इंजिन ऑइल सांगितलं होतं. पुढे कंपनीने ‘एमटीएफ’ नावाचं स्वतःचं पातळ ऑइल काढलं. त्यानंतरच्या अनेक पुस्तिकांत लिहिलेलं असायचं, की एमटीएफ मिळालं नाही तर तात्पुरतं इंजिन ऑइल चालेल. जुन्या होंडाच्या मालकाने गॅरेजवाल्याला हे सांगितलं तर तो हसण्याची शक्यता जास्त. पण अशा गाडीत जाड ‘नव्वद नंबर’ ओतलं तर गिअर जड होतात आणि मालक क्लचला दोष देत बसतो.

मर्सिडीजच्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही मॅन्युअल गिअरबॉक्सना तर ऑटोमॅटिकचं लाल द्रव लागायचं. अमेरिकेत गाजलेल्या बोर्ग-वॉर्नर टी-५ या मॅन्युअल गिअरबॉक्सचंही तेच.

ऑटोमॅटिक : इथे चूक परवडत नाही

मॅन्युअल गिअरबॉक्स बराचसा सहनशील असतो. ऑटोमॅटिक तसा नाही. त्यातलं द्रव, म्हणजे एटीएफ, फक्त वंगण नसतं. इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे नेणं, दाबाने व्हॉल्व्ह हलवणं, उष्णता बाहेर काढणं आणि आतल्या क्लच प्लेट योग्य क्षणी योग्य ताकदीने पकडू देणं, ही सगळी कामं ते करतं. शेवटचं काम सगळ्यात नाजूक. पकड लवकर बसली तर झटका, उशिरा बसली तर प्लेट घसरून जळतात. प्रत्येक कंपनी आपल्या प्लेटना जुळेल असं घर्षण ठरवते आणि त्यासाठी द्रवाला नाव देते.

हा प्रकार जुना आहे. जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रा-मॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला. १९४९ मध्ये ‘टाइप ए’ हे एटीएफचं पहिलं मोठं मानक आलं. साठच्या दशकात जनरल मोटर्सने डेक्स्रॉन आणि फोर्डने टाइप एफ आणलं. या दोघांचा स्वभाव अगदी विरुद्ध. डेक्स्रॉन प्लेटना हळुवार पकडू देणारं, टाइप एफ कडक पकडणारं. दोन्ही लाल. डोळ्यांनी बघून कुणालाही फरक कळणार नाही, गिअरबॉक्सला मात्र कळायचा.

त्या काळातली एक गोष्ट आज ऐकायला विचित्र वाटते. तेव्हाच्या एटीएफमध्ये घर्षण नेमकं ठेवण्यासाठी स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल वापरत. १९७० मध्ये अमेरिकेने हा मासा संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घातला आणि ते तेल वापरातून गेलं. पर्यायी रसायनं घेऊन डेक्स्रॉन-२ आलं, पण त्याच्या सुरुवातीच्या आवृत्तीने गिअर ऑइल थंड करणाऱ्या कूलरचे डाग दिलेले सांधे गंजवायला सुरुवात केली. मग सूत्र परत बदलावं लागलं. लाल रंगाच्या एका द्रवात किती काय दडलेलं असतं, हे यातून लक्षात येतं.

आता आपल्याकडच्या जुन्या गाड्यांकडे येऊ. नव्वदच्या आणि दोन हजारच्या दशकातल्या अनेक ऑटोमॅटिक गाड्यांच्या पुस्तिकेत ‘डेक्स्रॉन-२’ किंवा ‘डेक्स्रॉन-३’ असं लिहिलेलं सापडतं. अडचण अशी, की जनरल मोटर्सने डेक्स्रॉन-३ चे परवाने २००६ च्या अखेरीस बंद केले. त्यानंतर डब्यावर ‘डेक्स्रॉन-३’ लिहिलं असेल तर ते तपासणारं जनरल मोटर्सकडे कुणी नाही. ते द्रव चांगलं असू शकतं, पण ते तुम्हाला उत्पादकाच्या नावावरच ठरवावं लागतं. त्याच्या जागी २००५ मध्ये आलेलं डेक्स्रॉन-६ जुन्या डेक्स्रॉनच्या जागी चालतं, असं जनरल मोटर्स म्हणते. ते थोडं पातळ असतं. ज्या कंपन्यांनी दुसऱ्याच गिअरबॉक्ससाठी डेक्स्रॉन-३ सांगितलं होतं त्यांनी पुढे काय पर्याय दिला, हे त्या त्या कंपनीच्या कागदांत बघायला हवं.

टोयोटाच्या जुन्या ऑटोमॅटिकना ‘टाइप टी-४’ लागतं, नंतरच्यांना ‘डब्ल्यूएस’. डब्ल्यूएस नवीन आहे म्हणून ते टी-४ च्या गाडीत घालायचं नाही, ते पातळ आहे. होंडाचं मात्र उलट. जुनं ‘झेड-१’ बंद करून कंपनीने ‘डीडब्ल्यू-१’ आणलं आणि ते झेड-१ च्या जागी वापरायला सांगितलं. ह्युंदाईच्या जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकना ‘एसपी-३’ लागतं, पुढच्या पिढीला ‘एसपी-४’, आणि ही दोन एकमेकांच्या जागी चालत नाहीत. म्हणजे एका कंपनीत नवीन द्रव जुन्याची जागा घेतं, दुसऱ्या कंपनीत घेत नाही. तर्काने यातलं काहीच काढता येत नाही, वाचावंच लागतं.

आधी ‘ऑटोमॅटिक’ कोणत्या प्रकारची, ते बघा

क्लच पेडल नाही म्हणजे ऑटोमॅटिक, हे चालवणाऱ्यासाठी ठीक आहे. ऑइल घेताना मात्र चार वेगळ्या जाती आहेत.

होंडा सिटीचंच उदाहरण घ्या. २००३ च्या पिढीत ऑटोमॅटिक म्हणजे सीव्हीटी होती. २००८ च्या पिढीत पाच गिअरची टॉर्क कन्व्हर्टर आली. २०१४ च्या पिढीत परत सीव्हीटी. नाव तेच, कंपनी तीच, आतलं यंत्र दर वेळी वेगळं. ‘सिटी ऑटोमॅटिकचं ऑइल द्या’ एवढं सांगून भागणार नाही, वर्षही सांगावं लागतं.

सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअर नसतात. दोन पुलींच्या मध्ये पोलादी पट्टा फिरतो आणि पुलींची रुंदी कमी-जास्त होत राहते. इथे पोलादाने पोलादाला पकडून ठेवायचं असतं. साधं एटीएफ घातलं तर पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे पडतात, आणि ओरखडे पडलेली पुली दुरुस्त होत नाही, बदलावी लागते. चारही प्रकारांत सगळ्यात महागडी चूक हीच.

डीसीटी, म्हणजे दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचंही वेगळं द्रव असतं. फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीमध्ये तर गिअरसाठी एक ऑइल आणि नियंत्रण करणाऱ्या मेकॅट्रॉनिक युनिटसाठी दुसरं, अशी दोन वेगळी असतात.

आणि एएमटी. २०१४ च्या मारुती सेलेरिओपासून हा प्रकार आपल्याकडे घराघरांत पोहोचला. त्या पहिल्या सेलेरिओ आता ‘जुन्या गाड्या’ या सदरात आल्या आहेत. एएमटी म्हणजे खरं तर मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम माणसाऐवजी यंत्र करतं, इतकाच फरक. त्यामुळे तिच्या गिअरबॉक्समध्ये मॅन्युअलचंच ऑइल जातं, एटीएफ नाही. क्लच-गिअर हलवणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेचं द्रव वेगळं, वरच्या छोट्या टाकीतलं. ‘ऑटोमॅटिक आहे’ असं ऐकून कुणी गिअरबॉक्समध्ये लाल एटीएफ ओतायला निघालं, तर त्याला तिथेच थांबवा.

रंगावर मात्र कधीच जाऊ नका. बहुतेक एटीएफ लाल असतं, पण ते ओळखू यावं म्हणून घातलेला रंग आहे. हिरवी, निळी, पिवळसर द्रवंही असतात आणि रंग कोणता वापरायचा याचं काही सार्वत्रिक मानक नाही.

पुस्तिका हरवली असेल तर?

सेकंड हँड गाडीसोबत पुस्तिका क्वचितच येते. बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळांवर जुन्या मॉडेलच्या पुस्तिका उतरवून घेता येतात. मॉडेल, वर्ष आणि इंजिन तिन्ही जुळवा, कारण एकाच गाडीच्या पेट्रोल आणि डिझेल आवृत्तीत गिअरबॉक्स वेगळा असू शकतो. पुस्तिकेच्या शेवटी ‘तपशील’ किंवा ‘शिफारस केलेली वंगणं’ असं पान असतं. तिथे तीन गोष्टी टिपून घ्या: घट्टपणा, दर्जा किंवा द्रवाचं नाव, आणि किती लिटर. ऑटोमॅटिक गाडीत डिपस्टिक असेल तर कधी कधी तिच्यावरच द्रवाचं नाव कोरलेलं असतं. हे काहीच नसेल तर चासी नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर जा. त्यावरून योग्य ऑइलचा पार्ट नंबर निघतो.

डबा घेताना शब्दांकडे लक्ष द्या. ‘मान्यताप्राप्त’ म्हणजे गाडीच्या कंपनीने तपासून मान्य केलेलं. ‘वापरास योग्य’ म्हणजे ऑइल बनवणाऱ्याला तसं वाटतं. ‘सर्व गाड्यांसाठी’ म्हणणाऱ्या डब्यांच्या मागे लांबलचक यादी असते. तुमच्या द्रवाचं नाव त्यात स्पष्ट नसेल तर तो डबा तुमच्यासाठी नाही.

‘आयुष्यभराचं ऑइल’ आणि ‘हात लावू नका’

काही कंपन्या ऑटोमॅटिकच्या ऑइलला ‘लाइफटाइम’ म्हणतात. पण कुणाचं आयुष्य? बीएमडब्ल्यूसह अनेकांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. वीस वर्षांच्या गाडीसाठी हा प्रश्न तसाही निकालात निघाला आहे.

उलट टोकाचा सल्लाही ऐकू येतो: ‘जुन्या ऑटोमॅटिकचं ऑइल बदलूच नका, बदललं की गिअरबॉक्स जातो.’ यात थोडं तथ्य आहे. प्लेट आधीच झिजलेल्या असतील तर नवीन ऑइलाने त्या परत येत नाहीत, आणि मशीन लावून दाबाने आतलं सगळं धुऊन काढलं तर साचलेला गाळ सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतो. म्हणून दुर्लक्षित गाडीत मशीनने फ्लश करण्याऐवजी फक्त खालचा बोल्ट उघडून जेवढं निघेल तेवढं काढावं आणि तेवढंच भरावं. बरंचसं द्रव टॉर्क कन्व्हर्टरमध्येच अडकून राहतं, त्यामुळे काही शे किलोमीटरनंतर हेच परत एक-दोनदा करतात. वेळखाऊ आहे, पण गिअरबॉक्सला झेपतं. गाडी आधीपासूनच घसरत असेल, म्हणजे इंजिन ओरडतंय आणि वेग वाढत नाही अशी स्थिती असेल, तर ऑइलवर पैसे घालण्याआधी तपासणी करून घ्या.

प्रत्यक्ष बदलताना

गाडी पाच-दहा किलोमीटर चालवून आणा, कोमट ऑइल लवकर निथळतं. सपाट जागा हवी. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये आधी वरचा, म्हणजे ऑइल भरायचा बोल्ट सैल होतो का ते बघा. तो वर्षानुवर्षं गंजलेला असेल आणि खालचा उघडून सगळं ऑइल आधीच सांडून ठेवलं असेल, तर गाडी जागेवरून हलवता येणार नाही. कित्येक रविवार असे वाया गेले आहेत.

खालच्या बोल्टला बऱ्याचदा चुंबक असतो. त्यावर करडं, मऊ लोणी लावल्यासारखं काही दिसलं तर ती नेहमीची झीज आहे. टोकदार कण किंवा दाताचा तुकडा दिसला तर थांबा. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. गिअरबॉक्सला हवा जायला वर एक छोटी नळी असते, गाडी पुरात उभी राहिली की तिच्यातून पाणी शिरतं. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर अनेकांना हे कळलं. दर पावसाळ्यात सखल भागातल्या गाड्यांच्या बाबतीत हे आजही होतं. तेव्हा किलोमीटर न मोजता ऑइल बदला, एकदा नवीन भरून थोडी गाडी चालवून परत बदलावं लागलं तरी.

भरताना मॅन्युअलमध्ये बहुधा वरच्या भोकाच्या काठाशी ऑइल आलं की पुरे. जास्त भरलं तर सीलमधून बाहेर येतं. ऑटोमॅटिकमध्ये पातळी बघायची पद्धतही कंपनीनुसार बदलते. बहुतेक गाड्यांत गरम इंजिन सुरू ठेवून डिपस्टिक बघतात. जुन्या होंडांमध्ये मात्र इंजिन बंद करून, साधारण ६० ते ९० सेकंदांच्या आत बघायची असते. टोयोटाच्या डब्ल्यूएस वापरणाऱ्या अनेक गाड्यांना डिपस्टिकच नसते. तिथे द्रव ठरावीक तापमानाला आल्यावर खालच्या बोल्टमधून पातळी ठरवतात. हे काम घरी करण्यासारखं नाही.

काम झालं की ऑइलचं पूर्ण नाव, तारीख आणि किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी बॉनेटच्या आत चिकटवा. ‘गिअर ऑइल चेंज’ एवढंच लिहिलेल्या बिलाचा पुढच्या वेळी उपयोग नसतो. आणि काढलेलं काळं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवं. रिकाम्या डब्यात भरून सर्व्हिस सेंटरला द्या. मोठी सेंटर ते साठवून पुढे पाठवतात.